भार्गवीच्या मांडीवरची गाठ

अहो,

भार्गवीला घेऊन मी नगरच्या गाडीने निघाले आहे. मांडीची जखम पुन्हा पाझरायला लागली. तिथले सर्जन त्यातला पू पुण्याच्या लॅबला पाठवणार आहेत. साध्या तपासणीत न सापडणारा जंतू तिथे आता त्याच्या जनुकांवरून ओळखतात म्हणे. मी एसटीडीवरून बोलले तेव्हा त्या सर्जननी एवढंच विचारलं, "जिथे इंजेक्शन दिलं, तिथेच गाठ झाली ना?" मी हो म्हटलं, तर म्हणाले, "आजच्या आज घेऊन या."

ते इंजेक्शन देणारे कोपऱ्यावरचे डॉक्टर तुमचे मित्र, म्हणून मी गप्प होते. पण उकळलेली सिरिंज लवकर गार व्हावी म्हणून कंपाउंडर ती माठातल्या पाण्यात बुडवतो, हे मी स्वतः पाहिलंय. समोरच्या रखमाजींच्या दंडावरही तशीच गाठ आहे.

आज आईंची त्याच डॉक्टरांकडे ताकदीची सुई आहे. रागावल्या तरी त्यांना तिकडे पाठवू नका. सकाळी त्या दंडाला हळदीचा लेप लावत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, सुई टोचली की थोडी गाठ यायचीच."

बाही वर करून बघा आणि त्यांना घेऊन लगेच नगरला या.

माधुरी