रेखा-१, रेखा-२

मंगळवार, १२ मे २००९. भालकी, संध्याकाळ.

डोकं अजून तापलंय. सकाळी रेखाचे अप्पा त्यांच्या ट्यूशनच्या पोरांसमोर म्हणाले, "कंपनी तुझी म्हणतोस, अन् माझा भाचा म्हणतो, आमच्या ट्यूशनच्या वेबसाइटच्या नेमसर्व्हरवर नाव हैदराबादवाल्याचं? तुझं नाव कुठं हाय? नुसता दलाल हायस तू." खरंच हाय की. सर्व्हरवरची जागा त्याची, मी तुकडे करून वेबसाइटवाल्यांना विकतो. पण पोरांसमोर?

रागारागात येऊन, साइट कुठल्या सर्व्हरवर हाय ते सांगणारे दोन नेमसर्व्हर माझ्या कंपनीच्या नावानं केले अन् अप्पांच्या साइटला लावले. सगळे एनएस-१, एनएस-२ ठेवतात. मी रेखा-१, रेखा-२ ठेवलं. वाटलं, कोण बघतंय! अन् वर अप्पांनाच फोन करून ऐटीत सांगितलं, "आता बघा नाव!" कामून सांगितलं मी? अख्ख्या भालकीत बघणारा माणूस तो एकच.

आत्ता रेखाचा फोन आला. दबक्या आवाजात म्हणाली, "येड्या, माझा तो कॉम्प्युटरवाला आतेभाऊ यायलाय. अप्पा त्याच्याकडून नाव बघणार हायत. काढ ते." म्हटलं, परत बदललं तर साइट उद्यापर्यंत बंद राहील, अन् उद्याच साइटवर ट्यूशनच्या पोरांचे फॉर्म भरायचेत. "अन् आपलं कळलं, मग मला बीदरच्या कॉलेजात जाऊ देतील का ते?" एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

रेखा-१. रेखा-२.

काढलं. साइट बंद पडली. अप्पा उद्या म्हणतील, कॉलेजासारखंच हे बी अर्धवट सोडलं. म्हणू देत. माझं कॉलेज सुटलं, तिचं सुटायला नको.