हौसाबाईंच्या म्हशीची लस

गुरुवार, संध्याकाळ

आज जनावरांच्या लसीकरण शिबिरात मी हौसाबाईंना चारचौघांत खोटं पाडलं. त्या तावातावानं सांगत होत्या, "सायेब, मागल्या बारीला टोचलीया की लस आमच्या म्हशीला!" मी लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला. "मावशी, इथं नोंद नाही. म्हणजे टोचलेली नाही." मागं कुणीतरी हसलं. त्यांनी पिशवीतून मागच्या लसीची घडी घातलेली चिठ्ठी काढली. मी ती हातातही घेतली नाही. म्हैस घेऊन त्या निघून गेल्या.

घरी येऊन तपासलं. म्हशीच्या नोंदीत कानातल्या बिल्ल्याचा नंबर आकडा म्हणून साठवलाय, लसीच्या नोंदीत तोच नंबर अक्षरं म्हणून. दिसायला सारखेच, पण डेटाबेसच्या लेखी वेगळे, म्हणून दोन्ही नोंदी जुळल्याच नाहीत. हा डेटाबेस कशालाच अडवत नाही, जे द्याल ते ठेवून घेतो. काय कोणत्या प्रकारात साठवायचं, हे सांभाळणं माझं काम होतं. शिबिराच्या नोंदींचा हा प्रोग्राम मीच लिहिलाय! आणि ती चिठ्ठी... वाचायला किती वेळ लागला असता?

दुरुस्ती केल्यावर लस दिसली. लगेच त्यांना फोन लावला. माझी चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "मावशी, सर्व्हरची गडबड होती. नोंद सापडली."

"व्हय? बरं झालं की," त्या म्हणाल्या. "आन् मी तिथं जरा आवाज चढवून बोललो, त्येचं मनावर घिऊ नगा."

मी म्हणालो, "असू दे." म्हणजे वर मीच त्यांना माफ केलं.