गुदगुल्यांवरचा इलाज

प्रिय भिंगरी,

फोनवर माझा आवाज ऐकलास की तू "आईला दे" एवढंच म्हणतेस, म्हणून पत्र लिहितोय. पत्राला तसं म्हणता येत नाही. दाढी करता करता अख्ख्या गावाला अक्कल शिकवणाऱ्या तुझ्या बापाला कागदावर चार ओळी उतरवायच्या म्हटलं की घाम फुटतो, तेव्हा अक्षराला हसू नकोस. दुपारची वेळ आहे, दुकानात एकही गिऱ्हाईक नाही, आणि लहानपणी ज्या खुर्चीवर गरगर फिरून तू हे नाव कमावलंस त्याच खुर्चीत बसलोय. ती आता फिरताना कुरकुरते, पण ते जाऊ दे.

तू फेरपरीक्षेला बसणार नाहीस, असं आईकडून कळलं. माझे हातच या कामाचे नाहीत, महिनाअखेर सामान घेऊन घरी येते, असं तिला म्हणालीस म्हणे. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "झालं समाधान?" त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची दाढी मी अर्धीच करून पाठवली, यावरून ओळख मी किती हादरलो असेन. मालिश शिकायला जाते म्हणालीस तेव्हा सगळ्यात जास्त थट्टा मीच केली होती. जन्मभर लोकांची डोकी चोळतोय, मला कुणी प्रमाणपत्र विचारलं नाही, असं चारचौघांत सुनावलं होतं. पण तू ते सोडावंस, असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. उलट गिऱ्हाइकांसमोर तुझ्या नावाने इतकी शेखी मिरवतो, की काही जण हल्ली केस वाढले तरी यायचं टाळतात.

सगळं त्या परीक्षेमुळे झालं, आणि परीक्षा माझ्यामुळे बुडाली, हे मी तेव्हाच कबूल केलं आहे. ज्याने त्याने आपापलं माणूस आणायचं, असा तुमच्या संस्थेचा नियम. मावशी यायची होती, पण ऐनवेळी तिला ताप भरला, आणि तापात मालिश करत नाहीत, असं तूच सांगितलंस. मग मी आलो. तोंड ठेवायला तुमच्या टेबलाला जे भोक असतं, त्यात तोंड घालून पालथा पडलो. सुरुवातीला तू पोटऱ्यांवरून लांबच लांब हात फिरवत होतीस, तेव्हा कसं निवांत चाललं होतं. मी घोरलो, असं परीक्षक बाई मागाहून म्हणाल्या. मला ते मान्य नाही. मग तू पाठीकडे आलीस आणि बरगड्यांपाशी मला जे हसू फुटलं ते आवरेचना. पाय झाडले, तेलाची बाटली उडाली, बाईंच्या पांढऱ्या बुटांवर रिकामी झाली, आणि बाई घसरून टॉवेलांच्या टोपलीत जाऊन बसल्या. तुझा चेहरा मला दिसला नाही. तुझी पावलं तेवढी दिसली, आणि ती जागच्या जागी थिजली होती.

तेव्हा मी मनाशी ठरवलं, की आपल्याला गुदगुल्यांचा रोग आहे आणि तो फेरपरीक्षेच्या आत मोडून काढायचा. आई म्हणाली, "इतकी वर्षं संसार केला, तुम्हाला गुदगुल्या होतात हे मला आजच कळतंय." मी म्हटलं, असतात काही गुपितं. मग दुकानाच्या सुटीच्या दिवशी मालिशची दुकानं पालथी घालायला सुरुवात केली. अंगाला सवय झाली की हसू मरेल, असा माझा हिशेब. आईही सोबत यायची. माझ्यावर लक्ष ठेवायला नव्हे, बाटल्यांवर. गेल्या गेल्या तिथल्या सगळ्या तेलाच्या बाटल्या गोळा करून ती मांडीवर घेऊन बसायची.

पहिल्यांदा तळपाय दाबणाऱ्याकडे गेलो. गुदगुल्यांची राजधानीच ती, म्हटलं एकदाच काय तो सोक्षमोक्ष लागू दे. त्याला आधीच बजावलं, की बाबा रे, मी लाथा झाडतो, बाजूला बस. भिंतीवर पावलाचं मोठं चित्र होतं. इथे यकृत, इथे मूत्रपिंड, असं सगळं मांडलेलं. आईने जिभेची जागा कुठली ते विचारलं आणि तिथे जरा जास्त दाबा म्हणाली. माणूस मात्र सरळ होता. म्हणाला, याने रोग बरे होतात असं मी म्हणणार नाही, पण दिवसभर उभं राहून भरून येणारे पाय हलके होतील. तसे झालेही. मी दात आवळून हसण्याची वाट बघत होतो, आणि हसू काही आलं नाही.

पुढच्या खेपेला त्या काचेच्या दाराच्या चकचकीत ठिकाणी गेलो. तिथे घालायला कागदाची चड्डी देतात. ती उलटी घातली की सुलटी, हे अजून कळलेलं नाही, कारण विचारायची सोय नव्हती. वर झुळझुळ पाण्याचं संगीत, त्यामुळे मला मधेच उठून जाऊन यावं लागलं. पण तिथल्या मालिशवाल्या बाईंचा हात काय सांगू. भरपूर तेल, कमरेपासून मानेपर्यंत एकच सलग हात, मग मळल्यासारखं, मग पुन्हा सलग. याने रक्त खेळतं आणि आखडलेलं अंग सैल होतं, असं म्हणाल्या. अंगाचं राहू दे, मी त्या रात्री कूस न बदलता झोपलो. आई तर तिथेच बाटल्या कवटाळून झोपली होती. हसू तिथेही नाही.

मग जमिनीवरच्या गादीवाली. कपडे अंगावरच ठेवायचे, तेल नाही, काही नाही. माझ्या खांद्याला लागेल एवढीशी बाई, पण तिने माझी चादरीसारखी घडी घातली. गुडघ्याने दाबलं, कोपराने दाबलं, हात धरून मागे ओढलं, आणि शेवटी पाठीवर उभी राहिली. मधेच कट्‌कन आवाज झाला तेव्हा गादी फाटली म्हणून मी ओरडलो. गादी धडधाकट होती. दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यात वरच्या फळीवरचे टॉवेल स्टूल न घेता काढले. त्यानंतर एक गरम दगड ठेवणारा झाला, आणि खांद्याच्या पात्याखाली कोपर रोवून मुळापर्यंत जाणारा एक पहिलवान झाला. कात्री धरून धरून तिथे म्हणे लिंबाएवढी गाठ झाली होती. ती त्याने दाबून धरली, आणि मी जे काही बोललो ते तुला लिहिण्यासारखं नाही. हे शिकायला किती दिवस लागतात, अशी आईने जाताना त्याच्याकडे चौकशी केली.

आता माझी पंचाईत समजून घे. जो रोग मोडायला निघालो तो कुठे सापडेचना. शेवटी मीच त्या पहिलवानाला म्हटलं, भाऊ, जरा गुदगुल्या करून बघता का? त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि हात पुसत म्हणाला, आमच्याकडे ती सेवा नाही.

उलगडा झाला तो गेल्या सुटीला. भाजीबाजाराच्या वर तुमच्यासारखीच एक शिकवणी आहे, तिथे शिकणाऱ्यांकडून स्वस्तात मालिश करून घेता येतं. माझ्या वाट्याला आलेल्या बाई आधी बस चालवायच्या. तळहात टेकवला तोच असा भरभक्कम, की मी डोळेच मिटले. तेवढ्यात त्यांचे मास्तर येऊन शेजारी उभे राहिले. "अहो, असं नाही, असं. जरा वर. आता फार वर गेलात." एवढी बस हाकलेली बाई, पण तिचा हात हलका हलका होत गेला, बोटं थरथरायला लागली, आणि बरगड्यांपाशी मला हसू फुटलं. तेच हसू. पाय झाडले, पण बाटली आईच्या मांडीवर होती. मग मास्तरांचा फोन वाजला, ते बाहेर गेले, आणि बाईंचा हात पुन्हा जड झाला. माझं हसू जागच्या जागी थांबलं. मास्तर परतले, "असं नाही, असं" झालं, की मी पुन्हा खिदळायला लागलो.

मी भोकात तोंड घालून ऐकत होतो, आणि तो मास्तरांचा आवाज मला माझाच वाटला. परीक्षेत मी गप्प होतो, असं मी सगळ्यांना सांगत आलोय, आणि मला तसंच वाटतही होतं. पण भिंगरी, तू पाठीपाशी आलीस तेव्हा मी त्या भोकातून पुटपुटत होतो ना? अगं जरा वर, तिथे नको, इथे दाब. पायांपाशी होतीस तोवर माझं तोंड तुझ्यापासून लांब होतं, आणि तोवर तुझा हात त्या चकचकीत दुकानातल्या बाईंच्या तोडीचा होता. आता पाच-सहा जणांकडून अंग चेचून घेतलंय, तेव्हा हे मी जाणकार म्हणून सांगतोय, बाप म्हणून नव्हे. कंगवा कसा धरायचा इथपासून पोळी कशी लाटायची इथपर्यंत, तू काहीही हातात घेतलंस की मी मागे उभा. मला ती माया वाटायची. तुझ्या बोटांना तिची भीती वाटली. मला गुदगुल्यांचा रोग नाही गं, कधीच नव्हता. भ्यालेला हात हलका पडतो, तेवढ्यानेच त्या होतात. तुझ्या हातात खोट नाही. तो हात बापाला भ्यायला, एवढंच, आणि हे कळल्यापासून मला फार वाईट वाटतंय. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मला विचारलं असतंत तर एवढं तेल वाया गेलं नसतं."

म्हणून हे लिहितोय. परीक्षेचा अर्ज भर आणि टेबलावर पालथं पडायचा मान माझ्यासाठी राखून ठेव. दुसरं माणूस मिळेल तुला, मावशीचा तापही केव्हाच उतरलाय, पण मावशीच्या पाठीवर हात चालला तरी माझी भीती तुझ्या बोटांत तशीच राहील, आणि ती तू पुढे परक्या माणसांच्या पाठींवर घेऊन जाशील. ते मला नकोय. त्याआधी या सुटीला घरी ये. बाहेरच्या खोलीत मी गादी घालून ठेवीन, आई बाटली धरील, आणि माझ्या तोंडातून चकार शब्द निघणार नाही. तळहात टेकव आणि अंगाचा सगळा भार टाक. राग असेल तर तोही टाक. चुकलीस तर चुकलीस. पाठ माझी आहे, आणि मला ती तुझ्याच पद्धतीने चोळून घ्यायची आहे.

तुझाच, आणि या खेपेला तोंड मिटून,
बाबा