रंगखात्यातली जर्मन

सर,

विद्यापीठातल्या जर्मनच्या अध्यापनाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकीचे मेले आहेत. तुमच्यावर मी एक परिच्छेद लिहून दिला. सोलापुरात, विद्यापीठापासून इतक्या लांब, तुम्ही घरी वर्ग घेऊन मुलांना परीक्षेला बसवलंत. संस्कृतच्या पायावर जर्मन उभी करण्याची तुमची पद्धत होती. तुमचे विद्यार्थी पुढे प्राध्यापक झाले. यात खोटं काही नाही. संपादक म्हणाले, गुरूविषयीचा आदर दिसतो. मी दुरुस्ती केली नाही.

तिथे लिहिलं नाही ते हे. तुम्हाला जर्मन बोलता येत नव्हती. वाचता येत होती, आणि उत्तम. वेदांवरची जर्मन पुस्तकं वाचता यावीत म्हणून तुम्ही ती पुण्याला कॉलेजात शिकलात. ज्यांच्याकडे शिकलात ते पुस्तकातूनच शिकले होते, आणि त्यांचे गुरूही. त्या अख्ख्या साखळीत जर्मन माणसाचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तुम्ही प्रत्येक अक्षर संस्कृतसारखं, जसं लिहिलं तसं, पूर्ण उच्चारायचात, आणि आम्ही चौघं मांडी घालून, झुलत, तुमच्यामागून म्हणायचो. वर्ग चालू असला की रस्त्यावरच्या बायका दारासमोर थांबून हात जोडायच्या. तिघे चटईवर बसत. मी उंबऱ्याबाहेर, कारण मी तेलुगू बोलणाऱ्या विणकराचा मुलगा. आमच्या गल्लीत सूत रंगवायच्या रंगाचे डबे जर्मनीहून येत आणि डब्यावर काय लिहिलंय ते कुणालाच कळत नसे. एवढ्यासाठी मी तुमच्याकडे आलो होतो. मी अडखळलो की तुम्ही त्या तिघांना म्हणायचात, "विचारा त्याला, त्याच्या घरी षष्ठी विभक्ती कुठल्या खुंटीला टांगतात?" ते हसायचे. मला अडखळायला फार लागत नसे. एकदा म्हणालात, "तुझी जीभ मागाच्या खड्ड्यातली. ती वर यायला सात जन्म लागतील." तेही मी पाठ केलं. तुम्ही सांगाल ते मी पाठ करत असे.

मग गिरणीच्या रंगखात्यात जर्मनीहून नवं यंत्र आलं, आणि ते बसवायला एक जर्मन फिटर. मॅनेजरने तुम्हाला निरोप पाठवला: दुभाष्या पाहिजे, तुमचा एखादा विद्यार्थी द्या. फिटर असेपर्यंत त्याच्याबरोबर राहायचं, पुढे रंगमास्तराच्या हाताखाली कायमची नोकरी. चटईवरच्या तिघांना गिरणीत जायचं नव्हतं. मला जायचं होतं. वडील जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून हातमाग चालवत. खड्ड्यातल्या ओलीने त्या वर्षी त्यांचे गुडघे धरले होते. त्यांच्यानंतर खड्ड्यात उतरायची पाळी माझी होती, आणि ही जागा मिळाली तर ती टळणार होती. तुम्ही मला बरोबर यायला सांगितलंत. वडील तुम्हाला अय्यवारु म्हणत, आमच्यात गुरुजींना म्हणतात तसं. ते म्हणाले, "अय्यवारु सोता नेतो म्हनतंय, मग जा की. धुतलेलं सदरा घाल."

रंगखात्यातली फरशी ओली आहे. वाफ आहे. यंत्राला वाहिलेले झेंडू पायाखाली येतात. फिटर बनियनवर, उन्हाने लाल, नट आवळतो आहे. तुम्ही टोपी सारखी करता आणि घरून रचून आणलेलं स्वागताचं वाक्य म्हणता. ते लांब आहे. मी मनातल्या मनात तुमच्याबरोबर म्हणत जातो. क्रियापद शेवटी आपल्या जागेवर येऊन बसतं तेव्हा माझा ऊर भरून येतो. फिटर पाना खाली ठेवतो. ऐकतो. सभ्य माणूस आहे. तुम्ही तेच पुन्हा म्हणता, जरा मोठ्याने. तो मॅनेजरकडे वळतो आणि मोडक्या इंग्रजीत म्हणतो, या गृहस्थांना सांगा, मी या देशात नवा आहे, मला इथली भाषा येत नाही.

टाइमकीपर तिथे होता. "मास्तर, मंत्र म्हनताय का वो? मशीनची पूजा कालच झाली की!"

सगळं खातं हसलं. मॅनेजर हसला. कशाला हसतात ते न कळता फिटरही हसला. तुम्ही माझा दंड धरून मला पुढे ढकललंत. "तू बोल." मी बोललो. तुमचंच वाक्य, तुमच्याच उच्चारात, फक्त आवाज बारीक. फिटरने माझा खांदा थोपटला आणि पाना उचलला. तेव्हा तुम्ही मॅनेजरला म्हणालात, "घरी तेलुगू बोलतात हे लोक. जिभेला वळण नाही. याच्यामुळे साहेब बिचकला."

"मग आणलंत कशाला?"

"म्हटलं, गरिबाचं भलं होईल."

टाइमकीपर म्हणाला, "पोरगं तर मागनं बोललं की मास्तर. साहेब आदीच बिचकल्तं." जागा एका कारकुनाच्या मुलाला मिळाली. त्याला इंग्रजी येत होतं.

घरी वडिलांनी विचारलं, "अय्यवारु काय म्हनलं?" मी म्हणालो, माझ्या जिभेला वळण नाही. त्यांनी धोटा खाली ठेवला. मग म्हणाले, "आसंल की. शिकलेलं मानूस हाय, खोटं कशाला बोलंल." पुढची दोन वर्षं दिवसा मी खड्ड्यात होतो. सकाळी मात्र तुमच्या उंबऱ्याबाहेर येत राहिलो. फिटर होता तोवर मी गिरणीच्या फाटकाशी उभा राहून त्याचं हमालांवर ओरडणं ऐकत असे. त्यातला एक शब्द, त्याच्यासारखा, मी वर्गात उच्चारला. तुम्ही उठून आलात आणि माझ्या तोंडावर मारलंत. हाताच्या पालथ्या बाजूने. "त्या लोहाराची जर्मन माझ्या घरात नको. विद्यापीठ हे विचारत नाही."

तुमचं बरोबर होतं. विद्यापीठाने विचारलं नाही. उताऱ्याचं भाषांतर विचारलं, व्याकरण विचारलं, आणि मी पहिला आलो. मला विद्यापीठात नेमलं तेव्हा समितीत जर्मनचे तीन प्राध्यापक होते. तिघांनी माझी मुलाखत इंग्रजीत घेतली. मी आयुष्यभर जर्मन शिकवली आणि बरीच वर्षं ती एका वाक्यापुरतीही बोललो नाही. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या, जर्मन बायका शिकवायला आल्या, मुलं पहिल्या वर्षापासून घडाघडा बोलू लागली. मीही बोलायला शिकलो, म्हातारपणी, मुलांच्या मागे बसून. तुमच्या पद्धतीचा मी शेवटचा. माझ्याबरोबर ती संपेल आणि कुणाचं काही अडणार नाही. तुम्ही गेल्याची तार आली तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. उरलेले तपासून संपवले. कुणाला एक गुण कमी दिला नाही. मग चहा केला.

तुम्ही मला का नेलंत, याचा मी पुष्कळ विचार केला. नोकरीसाठी नव्हे. वीस वर्षं शिकवलेली भाषा तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा माणसासमोर बोलणार होतात, आणि तुम्हाला भीती वाटत होती. घाबरलेला माणूस एकटा जात नाही. दोष ठेवायला जवळ कुणी असलं की त्याला बरं वाटतं. उंबऱ्याबाहेरचा मुलगा त्या कामाला सोयीचा होता. हे कळायला मला फार वर्षं लागली. कळल्यावर राग आला नाही, एवढंच कळलं की तुम्ही माझ्याविषयी दुसरा कसलाच विचार केला नव्हता.

हे पाकिटात घालायचं नाही. इतिहासातही जाणार नाही. तो परिच्छेद आहे तसा छापला जाईल.

एक राहिलं. गिरणीत जाताना तुम्ही टांगा केला होता. मी सवयीने मागून चालायला लागलो. तुम्ही म्हणालात, "चालतोस काय? बस, इथे, माझ्याशेजारी." मी बसलो. रस्ता खराब होता आणि तुमचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. तुम्ही तो काढून घेतला नाहीत. मला वाक्य म्हणायला सांगितलंत. मी म्हटलं. तुम्ही कुठेच थांबवलं नाहीत. शेवटी म्हणालात, "छान." टांगेवाल्याने मागे वळून पाहिलं, हा कोण म्हणून, आणि तुम्ही त्याला सांगितलंत, "माझा विद्यार्थी आहे." तुम्ही मला कुठे आणि कशासाठी नेत होतात ते आज मला माहीत आहे. तरी तो टांगा आत्ता दारात येऊन उभा राहिला, तर मी चढेन.