चौथा बॉल जॉइंट आणि इतर मिळकत

मी, नीलकंठ दिवाकर हर्षे, वय पंचाहत्तर, लष्करी ट्रकांच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त, राहणार दीक्षितपुरा, जबलपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी लतिका हिने तो दोनदा वाचून "कोणत्या डॉक्टरनं दिला हा?" असं विचारलं. तिची हरकत इथे नोंदवली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायचा विचार नव्हता. आताही नाही. पण माझ्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मुलगा अतुल पुण्याहून रोज फोन करतो आणि फार गोड बोलतो, तेव्हा कागद करून ठेवलेला बरा.

कलम १. राहतं घर लतिकेला, तिच्यानंतर अतुलला. फाटकासमोर शेजारी स्कूटर लावतात, त्यावरून मी बावीस वर्षं भांडलो. हे भांडण अतुलला देत नाही, त्याला ते झेपणार नाही. तेही लतिकेलाच द्यावं. ती माझ्यापेक्षा चांगलं भांडते आणि तिचा आवाज चढत नाही.

कलम २. बँकेतली बचत लतिकेला. किती आहे ते तिला ठाऊक आहे, मला नाही. लग्नापासून हे असंच चालू आहे आणि आमचं बरं चाललं आहे.

कलम ३. माझी सगळी हत्यारं अधारतालच्या अनुपम मेकॅनिकला. हा गुणी माणूस आहे, फक्त वस्तू परत करत नाही. सतरा नंबरचा पाना तीन वर्षांपासून त्याच्याकडेच आहे, तो माझ्या वारसांनी मागू नये. आमच्या गाडीबद्दल त्याचं मत असं: "बाबूजी, अब इसको रिटायर कर दो. सामने का पूरा काम माँग रही है." मी त्याला सांगितलं, मी रिटायर झाल्यावर माझंही सामने का पूरा काम निघालं होतं, ते करून घेतलं आणि चालतोय.

कलम ४. गाडी. एमपी २० नंबरची, सात माणसांची, दोन हजार पाचची. आम्ही तिला जीप म्हणतो, अतुल एसयूव्ही म्हणतो आणि भंगारात द्या म्हणतो. इंजिन ठणठणीत. दुखणं एकच, पुढचे बॉल जॉइंट. वकिलांना कळावं म्हणून सांगतो. बॉल जॉइंट म्हणजे पुढच्या चाकाचा खुबा. वाटीत गोळी बसलेली असते, गोळीला दांडा असतो, दांडा चाकाच्या भागात शिरतो आणि वरून नटाने आवळतात. नट फिरू नये म्हणून दांड्याच्या भोकातून पिन घालून ती वाकवतात. सांधा सुटला की चाक गाडीखाली आडवं पडतं आणि मग देवाचं नाव घ्यायचं.

वीस वर्षांत या गाडीचे चार बॉल जॉइंट गेले. ते मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले आहेत. लतिकेचा या डब्यावर राग आहे. पण मी एकतीस वर्षं तपासनीस होतो, निकामी भाग का निकामी झाला हे पाहिल्याशिवाय तो फेकायचा नाही, असा आमच्याकडे नियम होता.

मिळकतीची यादी अचूक असावी म्हणून काल डबा उघडला. पहिला : रबरी टोपी फाटली, चिखल शिरला, गोळी झिजली. दुसरा : तेच. तिसरा : बाजारातला नकली माल, सहा महिन्यांत खुळखुळा झाला. हे तिन्ही मी त्या त्या वेळी तपासले होते, चिठ्ठ्या लावल्या होत्या. चौथा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला होता. गाठ भाऊरावची होती आणि ती मी अकरा वर्षांत सोडली नव्हती.

हे इथेच थांबवून सगळं नीट लिहितो. मृत्युपत्रात खोटं लिहायचं नसतं.

कलम ५. भाऊराव हा माझा धाकटा भाऊ, भूगोलाचा मास्तर, आता निवृत्त, राहणार अधारताल. गाडी माझी, पण ती खरी चालवायचा तो. पचमढीचा घाट असो की भेडाघाटचा रविवार, स्टिअरिंगवर तोच. आमच्या घरातली बायकापोरं माझ्या शेजारी जीव मुठीत धरून बसायची आणि त्याच्या शेजारी झोपायची. मला याचा थोडा राग होता, हेही लिहून टाकतो.

फेब्रुवारी दोन हजार चौदामध्ये शहपुऱ्याला एका भाचीचा साखरपुडा होता. मी आदल्या दिवशीच पोहोचलो होतो. भाऊराव मागून लतिकेला घेऊन येत होता. शहपुऱ्याच्या अलीकडे एका छोट्या पुलाच्या वळणावर पुढचं डावं चाक आडवं पडलं, गाडी घसरून शेतात गेली. भाऊरावला खरचटलंही नाही. लतिकेचं गळपट्टीचं हाड मोडलं. ती दवाखान्यात पहिल्यांदा बोलली ती हेच, "भाऊजी अगदी सावकाश चालवत होते हो."

मी तिचं ऐकलं नाही, त्याने गाडी खड्ड्यात आदळली असं ठरवून टाकलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, साखरपुड्याची सगळी मंडळी उभी असताना, मी भाऊरावला म्हणालो, "ज्याला समोरचा खड्डा दिसत नाही त्यानं गाडीला हात लावू नये." आठ दिवसांनी दुरुस्ती झाल्यावर त्याने मेकॅनिककडून तो काढलेला बॉल जॉइंट मागून घेतला, फडक्यात बांधला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. म्हणाला, "दादा, तू तपासनीस आहेस. खोलून पाहा अन् सांग. माझी चूक असली तर मी पुन्हा चालवणार नाही."

मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "त्यात पाहायचं काय आहे?"

त्या दिवसापासून भाऊरावने गाडी चालवली नाही. दिवाळीला येतो, हसतो, लतिकेच्या हातचे अनारसे खातो आणि ई-रिक्षाने परत जातो. कुठे जायचं असलं की तो मागच्या सीटवर बसतो आणि खिडकीबाहेर बघतो. अकरा वर्षं त्याला वाटतं आहे की वहिनी त्याच्या हातून जाता जाता वाचली.

काल मी गाठ सोडली. गोळी वाटीत घट्ट आहे. झीज नाही, तडा नाही. दांड्याचे आटे शाबूत आहेत. खड्ड्यात आदळून सांधा तुटला असता तर यातलं काहीतरी मोडलं असतं. मोडलेलं काहीच नाही. फक्त नट नाही. आणि पिनेच्या भोकात माझं नेहमीचं ग्रीस जसंच्या तसं भरलेलं आहे. पिन घातली असती तर ते तिथे राहिलंच नसतं. दांड्याच्या टोकावर पिवळ्या रंगाचा अर्धा ठिपका आहे. उरलेला अर्धा नटावर होता आणि नट शहपुऱ्याच्या रस्त्यावर कुठेतरी पडला.

हा बॉल जॉइंट त्या साखरपुड्याच्या आधीच्या रविवारी मी स्वतः बसवला होता. आमच्या कारखान्यात नट फिटर आवळायचा, पिनही तोच घालायचा, आणि तपासनिसाने पाहून त्यावर पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की मग त्याला कोणी हात लावायचा नाही. घरी फिटरही मी आणि तपासनीसही मीच. नट आवळला, पण पिन जायला नटाची खाच आणि दांड्याचं भोक जुळेना. अजून थोडा फिरवायला हवा होता. तेवढ्यात लतिकेने चहाला हाक मारली. ब्रश समोर होता, हाताला सवय होती, उठता उठता मी ठिपका देऊन टाकला. चहा पिऊन आलो, गाडीखाली वाकलो, पिवळा ठिपका दिसला आणि मी चाक चढवलं.

म्हणून लिहून देतो की त्या अपघातात भाऊराव दिवाकर हर्षे याची काडीचीही चूक नव्हती. सगळी चूक माझी होती. अपघाताची चूक एकदाच झाली, पण न पाहता निकाल देण्याची चूक मी अकरा वर्षं रोज केली. मला त्याची लाज वाटते. ही गाडी माझ्या पश्चात भाऊरावला द्यावी आणि हे कलम सगळ्या नातेवाईकांसमोर मोठ्याने वाचावं.

हा मजकूर मी शेजारच्या क्षमाला दाखवला. ती जिल्हा न्यायालयात वकिली करते. तिने चष्मा वर सरकवून विचारलं, "काका, एक बोलू? हे तुमच्या पश्चात वाचायचं. तुमची तब्येत तर टकाटक आहे. समजा तुम्ही अजून दहा वर्षं जगलात, तर भाऊकाका तोवर ई-रिक्षानंच फिरणार का?"

मी म्हणालो, "कायद्यात काय सांगितलंय ते बोल."

"कायद्यात काही नाही हो याचं. आत्ता उठा अन् जा."

कलम ६. हे कलम अडीच महिन्यांनी लिहीत आहे. कलम पाचमधला गाडीचा भाग रद्द. कारण पुढीलप्रमाणे.

मी अधारतालला गेलो. फडकं पिशवीत होतं. भाऊराव अंगणात कडीपत्त्याला पाणी घालून राहिला होता. मला एकटाच आलेला बघून घाबरला. "काहून रे दादा, वहिनी ठीक आहे ना?" मी वाटेत दहा वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. बॉल जॉइंट त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "तपासून आणलाय. पिन नव्हती. मी घातलीच नव्हती."

तो बराच वेळ ते लोखंड फिरवून फिरवून बघत राहिला. भूगोलाच्या माणसाला त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. मग त्याने विचारलं, "म्हणजे मी बरोबर चालवून राहिलो होतो?"

"हो."

"सावकाश?"

"सावकाश. लतिका सांगत होती."

तो खाली पायरीवर बसला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मी त्या घेणार होतो. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "दादा, तू फार गाढव माणूस आहेस बे." जन्मात पहिल्यांदा त्याने मला असं म्हटलं. मी शेजारी बसलो. नवा खुबा असल्यामुळे बसायला वेळ लागला, तेव्हा त्यानेच हात धरला.

गाडी मी त्याला तिथेच दिली. तो नाही म्हणाला, हात विसरले म्हणाला. नंतर जरा वेळाने त्याने विचारलं की पुढून अजून आवाज येतो का. तेव्हा मी समजलो.

पुढे अडचण आली. त्याचं लायसन्स कधीच संपलं होतं. मग एकोणसत्तराव्या वर्षी भाऊरावने लर्निंग लायसन्स काढलं आणि गाडीला एल बोर्ड लावला. त्याचे जुने विद्यार्थी, आता आजोबा झालेले, रस्त्यात थांबून नमस्कार करायचे आणि वाट सोडायचे. चाचणीला साहेबाने विचारलं, "दादाजी, पहले कभी चलाई है?" भाऊराव म्हणाला, "थोड़ी-थोड़ी." पास झाला. कागद त्याच्या नावावर झाले. पुढचे चारही बॉल जॉइंट नवे बसवले. या वेळी बसवले अनुपमने आणि तपासले मी, त्याला समोर उभा करून, पिना हाताने हलवून. या सगळ्यामुळे मृत्युपत्रावरची सही अडीच महिने लांबली. तेवढ्यात मी मेलो असतो तर मोठी पंचाईत झाली असती, पण तशी वेळ आली नाही.

कलम ७. बिस्किटांचा डबा लतिकेच्या स्वाधीन. तिने तो फेकला तरी चालेल.

कलम ८. क्षमाचा सल्ला असा की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये, उगाच वाद होतात. भाऊरावला या कागदातून आता काहीच मिळत नाही. म्हणून त्याला साक्षीदार करत आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदार समोर उभे असताना सही करत आहे. लतिका पुढच्या सीटवर होती, मी मागे होतो. ती अर्ध्या वाटेत झोपली आणि इथे येईपर्यंत उठली नाही.

नीलकंठ दिवाकर हर्षे
(सही)

स्थळ : शहपुऱ्याच्या अलीकडचा छोटा पूल, गाडीच्या बॉनेटवर
दिनांक : २२ फेब्रुवारी २०२६, रविवार

साक्षीदार पहिला : क्षमा अच्युत दाभाडे, वय ३१, राहणार दीक्षितपुरा, जबलपूर. व्यवसाय : वकिली. (सही)

साक्षीदार दुसरा : भाऊराव दिवाकर हर्षे, वय ६९, राहणार अधारताल, जबलपूर. व्यवसाय : गाडी चालवणे. (सही)