डॉक कावळ्याने नेला नव्हता

खारुताई,

तुझा हातात धरायचा गेमिंग कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा डॉक कावळ्याने नेला, ही थाप होती. तेवढा ठोकळा उचलणारा कावळा अजून अंड्यातच आहे. डॉक मी माझ्या रेडिओदुरुस्तीच्या पेटीत लपवला होता. म्हटलं, तो नसला तर परगावच्या नव्या नोकरीचं खेळ तपासायचं काम अडेल आणि तुझं जाणं आठवडाभर तरी लांबेल. तू मात्र गुपचूप दुसरा मागवलास आणि वर चार दिवस मला विचारत राहिलीस, "आजोबा, कावळा कुठल्या दिशेला गेला हो?"

असो. कॉम्प्युटर बॅगेत ठेवलाय. पंख्यातली धूळ काढली, तू आणलेली मोठी डिस्क बसवली, जुने खेळ सगळे तिच्यावर घेतले. स्क्रू बशीत लहान-मोठे वेगळे मांडले होते, पाच वर्षांची असताना माझ्या टेबलावर चढून मांडायचीस तसे. एकही उरला नाही, शपथ.

जुना डॉक इथे टीव्हीलाच जोडलेला राहील. सुट्टीला आलीस की नुसती वायर खोच, चित्र येईल. आजीला बजावलंय, तिथे फुलदाणी ठेवायची नाही.

निघताना मला शोधू नकोस. मी कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे दाढीला बसलोय. तुझी टॅक्सी तिथूनच जाईल, आरशात रस्ता सगळा दिसतो. आणि तोंडभर फेस असला की म्हातारा हसतोय की काय करतोय, ते कुणाला कळत नाही.

आजोबा