मखर माईंकडे, गौर माझ्याकडे

२४ ऑगस्ट
आठवीची चाचणी तपासून मान मोडली. डेकोरेट आणि अडॉर्न, अर्ध्या वर्गाचा गोंधळ. उद्या पुन्हा शिकवायचं. भिंत, मखर, हॉल डेकोरेट करतात. अडॉर्न माणसाला नाहीतर देवाला, ज्याचं रूप खुलवायचं त्याला. आमची रेवाही त्याच वर्गात, तिलाही वाक्यं लिहायला लावणार.

मोठे दीर गेल्यापासूनची पहिलीच गौर. माईंनी आपली नथ न् ठुशी आपणहून काढून दिली. "गौरीला लागंल गो." जाऊबाई कसल्या, आईच; मला साडी नेसायला त्यांनीच शिकवलं.

३० ऑगस्ट
वीस वर्षं गौर माईच नेसवतात. आज मी म्हटलं, "माई, यंदा मी नेसवते. तुम्ही मखराचं बघाल का?" अगदी काळजीचा आवाज काढून. खरं कारण, शेजारणी कुजबुजतील, विधवेने हात लावला म्हणून. अजून कोणी चकार शब्द काढला नव्हता. मीच आधी घाबरले.
माई "बरं" म्हणाल्या आणि कागदी फुलं चिकटवायला बसल्या.

१ सप्टें.
पूजा झाली. गौर छान दिसते म्हणाल्या सगळ्या. नथ कोणाची, सगळ्यांना ठाऊक. माई आरतीलाही स्वयंपाकघराच्या दाराशीच. हळदीकुंकू देत त्यांच्यापाशी आले आणि तशीच पुढे गेले. लाज वाटली. तरी गेले.

२ सप्टें.
गौरी-गणपती गेले. रेवाची वही बघितली. 'माई डेकोरेट्स द मखर. आई अडॉर्न्स गौरी विथ माईज नथ.' एक चूक नाही. तरी बरोबरची खूण करवेना.
"हे काय लिहिलंस?"
"तूच म्हणालीस ना, घरातलं उदाहरण दे."
पोरीने मुद्दाम नव्हतं लिहिलं, हेच जास्त लागलं. वही तशीच परत दिली.

४ सप्टें.
हे मिरकरवाडा बंदरावरून सुरमई घेऊन आले. माई साफ करत होत्या. दागिन्यांचा डबा घेऊन गेले, आज बोलायचंच असं ठरवून. माझं चुकलं, एवढंच तर म्हणायचं...
हात ओले म्हणून डबा फळीवर ठेवायला सांगितला त्यांनी. मग मान वर न करता,
"निऱ्या उलट्या पडल्या होत्या गो गौरीच्या. दारातनं दिसत होतं मला. पण तू हाक मारली नायस."
मी म्हटलं, "हो का? लक्षातच नाही आलं."
आणि कांदा चिरायला घेतला.